पश्चिमेची भिंत आणि दोन पांढरे डबे

आमच्या घरात नेट होतं, पण ते आबांकडे होतं. आबा म्हणजे माझे वडील. औंढ्यातल्या आमच्या घराचे दोन भाग आहेत. पुढे जुनं घर, दगडमातीच्या जाड भिंतींचं, त्यात आबा राहतात. मागचं परसदार ओलांडलं की स्लॅबच्या दोन खोल्या. त्या खोल्या मुळात लोणावळ्याला येणाऱ्या पर्यटकांना शनिवार-रविवार भाड्याने द्यायच्या म्हणून बांधल्या होत्या. पर्यटक यायचे, शेणाच्या वासाला नाक मुरडायचे, स्पीकर लावून म्हशीची झोप उडवायचे. शेवटी आबांनीच तो धंदा बंद केला. आई गेल्यावर मी परत आले तेव्हा त्या खोल्या रिकाम्याच होत्या, म्हणून मी मागे राहायला लागले. केबलवाल्याने खांबावरून वायर आणली ती पुढच्या दारातून आत घेतली, टीव्हीच्या फळीवर राउटर ठेवला आणि तो मोकळा झाला. त्यामुळे ज्यांना मोबाइलवर फक्त बैलगाडा शर्यती बघायच्या होत्या त्यांच्याकडे वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या, आणि जिचं पोट नेटवर होतं तिला खिडकीच्या गजाला चिकटून उभं राहिलं तर एक काडी. तीही वाऱ्यावर.

मी दुभाषी आहे. आपल्याकडचे पुष्कळ लोक उपचारासाठी दक्षिणेतल्या मोठ्या इस्पितळांत जातात. डॉक्टरांना मराठी येत नाही, पेशंटला इंग्रजी येत नाही. मग पुण्यातली एक कंपनी व्हिडिओ कॉलवर मधे एक माणूस बसवते. डॉक्टर बोलले की मी मराठीत सांगायचं, पेशंट बोलला की इंग्रजीत. आपलं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. काम मला आवडतं. इतकी वर्षं इतकी कामं केली, पण दुसऱ्याचं बोलणं नीट पोचवलं की जी शांतता वाटते ती दुसऱ्या कशात मिळाली नाही. शांतता हा शब्द मी जपूनच वापरते, कारण ती माझ्याकडे फारशी नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. मुंबई झाली, नाशिक झालं, पुण्यात तर चार वेळा खोली बदलली. कुठेही वर्ष होत आलं की मला भिंती खायला उठतात.

तर त्या दिवशी कॉलवर सांगलीकडच्या एक बाई होत्या. पंख्याचं वारं लागत होतं म्हणून पदर गळ्याशी घट्ट धरलेला, शेजारी नवरा. डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले की गाठ आहे, पण ती साधी आहे, घाबरण्यासारखं काही नाही. मी सुरुवात केली, "गाठ आहे," आणि नेट गेलं.

बाईंचा चेहरा पडद्यावर तसाच थांबला. तोंड जरासं उघडं, डोळे माझ्याकडे. मी लॅपटॉप उचलून खिडकीकडे पळाले, खिडकीकडून दाराकडे, दारातून परसदारी. नेट परत आलं तोवर कंपनीने दुसरी दुभाषी जोडली होती आणि मला कॉलमधून काढलं होतं. उरलेलं अर्धं वाक्य त्या बाईंना किती वेळाने मिळालं ते मला माहीत नाही. त्यांचा तो चेहरा मात्र अजून माझ्याकडेच आहे.

संध्याकाळी आमच्या मॅडमचा फोन आला. आवाज चढवणाऱ्यातल्या त्या नाहीत, त्यामुळे जास्तच लागतं.

"तुमचं काम चांगलं आहे, त्याबद्दल प्रश्न नाही," त्या म्हणाल्या. "पण हे दुकानातलं गिऱ्हाईक नाही हो, परत फोन करायला. नेटचं काहीतरी पक्कं करा. पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला ऑफिसात बसवावं लागेल."

ऑफिस खराडीला. औंढ्याहून सकाळच्या पाळीला खराडी गाठायची म्हणजे पुण्यातच राहायला हवं. म्हणजे आबा इथे एकटे, सत्तरी ओलांडलेले, एक गुडघा धरलेला, एक म्हैस आणि भाताची खाचरं. त्यांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेणं म्हणजे म्हशीला लिफ्टमधून नेण्याइतकंच सोपं. तेव्हा नेट टिकलं तर मी इथे, नाही तर मी तिथे आणि आबा एकटे, असा हा सरळ हिशेब होता. मी आबांना सगळं सांगितलं. ते तंबाखू मळत होते. "व्हय का?" म्हणाले आणि चिमूट गालात ठेवली. ऱ्हा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मला इतका राग आला की मी उगाचच सगळी भांडी परत घासली.

मोबाइलच्या नेटवर भागवावं तर औंढ्यात डोंगराच्या कुशीत आधीच ते लंगडतं, आणि शनिवार-रविवारी अख्खी मुंबई लोणावळ्यात उतरली की पार बसतं. म्हणून आठवड्यातला मधला वार बघून मी लोणावळ्याच्या बाजारात गेले. तिथे एक दुकान आहे, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग मोबाइल. दुकानातले चाचा माझ्या शाळेपासून तिथेच बसलेले आहेत. मी तणतणत सांगितलं की जुना राउटर बदलून मोठा द्या, भिंती फोडून जाईल असा.

"भिंती फोडायला ती काय तोफ आहे?" चाचा म्हणाले. "राउटर राहू द्या ताई. केबलवाल्याची लाइन त्यातनंच येते, तो काढला तर तुमचंच काम वाढेल. त्याला मेश जोडा. एक डबा राउटरला वायरने जोडायचा, दुसरा तुमच्या खोलीत. दोघं आपापसात बोलतात आणि नेट पुढे देतात."

पांढरे, गुळगुळीत, मसाल्याच्या बरण्यांएवढे दोन डबे. सोबत एक लांब वायर घेतली. बसमध्ये मांडीवर खोकं धरून मी इतकी खूश होते की आता सगळं झालंच.

कुठलं काय. घरी आल्याबरोबर जोडलं आणि गोंधळ दुप्पट झाला. आता घरात दोन वायफाय झाले, एक जुन्या राउटरचं आणि एक डब्यांचं. माझा लॅपटॉप हट्टाने जुन्यालाच धरून बसायचा, शेजारी डबा असताना. नव्याला जोडला तर थोडा वेळ चालायचा आणि कॉल चालू केला की अडखळायचा. मी माहिती शोधून वाचली तेव्हा कळलं की जुना राउटर आणि नवा डबा दोघंही स्वतःला घराचा कारभारी समजत होते. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला पत्ता द्यायचं काम दोघंही करत होते. एका घरात दोन कर्ते असले की काय होतं ते आपल्याला माहीत आहे, कामाला सांगितलेलं माणूस मधल्यामधे उभं राहतं.

मग मी तेही निस्तरलं. डब्यांच्या ॲपमध्ये जाऊन त्यांना सांगितलं की बाबांनो, कारभार जुन्याकडे राहू द्या, तुम्ही फक्त नेट पोचवा. ॲक्सेस पॉइंट असं त्या पर्यायाचं नाव होतं. मग जुन्या राउटरचं वायफाय बंद केलं. राउटर चालू, त्याचं वायफाय तेवढं बंद. आता हवेत नेट सोडायचं काम फक्त डब्यांचं. त्यावर पुढच्या खोलीतून हाक आली.

"आगं, माजी शर्यत थांबली."

आबांचा मोबाइल आणि टीव्ही जुन्या नावाला जोडलेले. ते नाव आता हवेतच नव्हतं. आबांना नव्या नावाला जोडायला शिकवायचं म्हणजे आठवडा, आणि त्या आठवड्यात आमच्यात जे बोलणं होईल ते लिहिण्यासारखं नसतं. मी युक्ती केली. डब्यांना जुनंच नाव दिलं आणि जुनाच पासवर्ड, अक्षर न् अक्षर तोच. आबांच्या मोबाइलला काही कळलंच नाही. शर्यतीच्या घाटात बैल सुटले, धुरळा उडाला, आबांनी मांडीवर थाप मारली.

जागेचा घोळ राहिला होता. दुसरा डबा मी माझ्या टेबलावर ठेवला होता, कारण मला नेट तिथे हवं होतं. पण तिथे त्याच्यापर्यंतच नेट पोचत नव्हतं, तर तो मला काय देणार. तेव्हा लांब वायर बाहेरच्या खोलीतल्या राउटरपासून दाराच्या चौकटीवरून आत घेतली आणि पहिला डबा स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत ठेवला. ती खिडकी पश्चिमेकडच्या जाड भिंतीत आहे आणि तिच्यासमोर परसदार ओलांडून बरोबर माझी खिडकी. दुसरा डबा माझ्या खिडकीत. दोन्ही डब्यांवर हिरवे दिवे लागले. एकमेकांसमोर बसून ते बोलायला लागले आणि मला घरभर काड्या मिळाल्या. मी मोबाइल हातात धरून परसदारी, न्हाणीपाशी, गोठ्यात, पार कढीपत्त्याच्या झाडापर्यंत फिरून आले. कुठेही तुटेना.

मे महिनाभर एकही कॉल तुटला नाही. मॅडमचा निरोप आला की छान चाललंय. आबा गोठ्यात फायबरच्या पत्र्याखाली बसून शर्यती बघायला लागले. गोठ्याच्या छपरात एकच पत्रा तसला आहे, उजेडासाठी टाकलेला. त्याच्या उजेडात आबा धार काढतात, दोऱ्या वळतात, तंबाखू मळतात. दिवसातला निम्मा वेळ त्यांचा मुक्काम तिथेच असतो.

आणि मी? सगळं सुरळीत चाललं होतं, तर मला झोप लागेना. दुपारी कॉल नसला की मी परसदारी येरझाऱ्या घालायचे. कुणी विचारलं, आता कायमची का, तर मी म्हणायचे, बघू, नेटवर आहे. गावात दिसेल त्याला मी हेच सांगत होते. सगळं नेटवर आहे.

मे संपता संपता मला एका दिवसासाठी पुण्याला ऑफिसात जावं लागलं, कसलंसं प्रशिक्षण होतं. मुक्कामच करून दुसऱ्या दिवशी परतले. त्याच्या पुढच्या सकाळी पहिलाच कॉल लावला आणि तो तुटला. परत लावला, परत तुटला. सुदैवाने पेशंट अजून यायचा होता, डॉक्टर एकटेच होते. मी मॅडमना कळवून कॉल दुसरीकडे दिला आणि कमरेला पदर खोचला.

आधी केबलवाल्याला झापलं. त्याने लाइन तपासून सांगितलं की तुमच्या राउटरपर्यंत नेट ठणठणीत आहे. मग मी डब्यांवर राग काढला. बंद करून चालू केले, सगळं पुसून पहिल्यापासून जोडले, नाव तेच, पासवर्ड तोच. माझ्या खिडकीतल्या डब्याचा दिवा लाल तो लालच. चाचांना फोन केला, ते म्हणाले आणून दाखवा, डबा बिघडला असेल. लॅपटॉप जुन्या घरात नेला तर नेट सणसणीत. पण तिथे बसावं तर आबांचा टीव्ही, अंगणातून हाका मारत थेट आत येणारी माणसं, आणि इस्पितळाचा नियम असा की दुभाष्याच्या खोलीत दुसरं कुणी नको. पेशंटच्या पोटातलं दुखणं आमच्या आळीला कशाला ऐकू जायला हवं. तरी नाइलाजाने मी तिथे एक कॉल घेतला, तर एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या लघवीच्या तक्रारीच्या मधोमध शेजारच्या मावशी ताक मागायला आल्या. डॉक्टर थांबले. मॅडमना कळलंच.

"सोमवारपासून ऑफिसला या," त्या म्हणाल्या. "मला वाईट वाटतंय, पण या."

फोन ठेवला आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटलेलं मला इतकं झोंबलं की मी जाऊन तरातरा आबांना सांगितलं, जरा मोठ्यानेच, "नेट गेलं. सोमवारी मला जायला लागंल." घरी माझी जीभ आपोआप घरची होते.

आबांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालायला परसदारी आले. मोबाइल कमरेला खोचलेला, त्यावर गाणी लावलेली. दोरी घराच्या कोपऱ्यापासून सुरू होते. कोपऱ्याशी असताना गाणं नीट चाललं होतं. दोन पावलं मधे सरकले तर अडकलं. परत कोपऱ्याशी आले, चाललं. परत मधे गेले, अडकलं. मी ओला टॉवेल खांद्यावर टाकून मोबाइल हातात घेतला आणि भिंतीकडे वळले.

भिंत नव्हतीच. भिंतीच्या जागी पत्रे होते. वरपासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण झाकून.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. मावळात पाऊस वरून पडतो त्यापेक्षा आडवा जास्त येतो, आणि येतो पश्चिमेकडून. त्या आडव्या माऱ्याला झड म्हणतात. मातीच्या भिंतीला ती झड चार दिवस लागली तर भिंत फुगते आणि बसते. म्हणून पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून आडोसा करायचा. पूर्वी पेंढ्याची झापं बांधायचे, मग आबांनी सोमाटण्याहून टेम्पोत घालून पत्रे आणले. प्रत्येक पत्र्याची जागा ठरलेली, जुन्याच भोकांत जुनेच खिळे. मे संपत आला की आबा पत्रे लावतात आणि दिवाळीच्या आधी काढतात. माझ्या जन्मापासून हे चाललंय. चार महिने स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावायचा, हेही तेव्हापासूनच.

मी पुण्याला गेले त्या दिवशी आबांनी पत्रे लावले. परत आल्यापासून मी त्या पत्र्यांसमोरून निदान शंभरदा गेले असेन. त्यांच्यावर टेकून केबलवाल्याशी भांडले. बाहेरचा कुणी असता तर त्याने आल्या आल्या विचारलं असतं की हे लोखंड मधे कधी आलं. मला ते दिसलंच नाही. पावसाळा आला की पत्रे असतात, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोन डबे समोरासमोर बसून बोलत होते आणि मधे आम्ही पत्र्याची भिंत उभी केली होती.

मी आबांना गोठ्यातून बाहेर बोलावलं.

"आबा, खिडकीवरचं पत्रं काढा."

"का म्हून?"

"नेट त्यातनं जात न्हाई. ह्या पत्र्यांनीच बंद पडलंय सगळं."

आबांनी पत्र्यांकडे पाहिलं, मग आभाळाकडे. राजमाचीच्या बाजूने काळं भरून आलं होतं. "आन् झड आली म्हंजी? खिडकीतनं पानी आत येनार, भिताडाच्या पोटात जानार. तुज्या आईनं सारवल्यालं भिताड हाय त्ये."

"मग वायर टाकते वरनं, तुमच्या खिडकीतनं माझ्या खिडकीत."

"टाक. डिशच्या वायरचं काय केलं वानरांनी? झोका खेळली त्यावर."

तेही खरं होतं. वानरांनी परसदारावरची एकही वायर आजवर टिकू दिलेली नाही, आणि जमिनीतून न्यावी तर घुशी आहेत. आबांचं सगळंच खरं असतं आणि त्याचाच मला संताप येतो.

"प्लास्टिकमधनं जातं नेट, लाकडातनं जातं, तुमच्या त्या जाड भिंतीतनंसुद्धा थोडं जातं, पण पत्र्यातनं न्हाई जात," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तुमाला माझ्यापरीस भिंत मोठी. तसं एकदा सांगून टाका म्हंजी मी सुटले."

आबा गोठ्यात परत गेले. मी वाळत घातलेले कपडे उगाचच परत झटकले आणि आत जाऊन बॅग काढली.

रविवार सकाळपासून ठोकाठोकी चालू होती. मला वाटलं आबा गोठ्याचं काहीतरी करतायत. मी बॅग भरत होते. साड्या ठेवल्या, काढल्या, परत ठेवल्या. पुण्यात मैत्रिणीकडे महिनाभर राहता येणार होतं, तसं तिच्याशी बोलून झालं होतं. रस्त्यावरचे दिवे, खालच्या दुकानातलं दूध, लिफ्ट, हॉटेलातली कॉफी, सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं. आणि त्याच्या पाठोपाठ आबांचा गुडघा. मी बॅगेची चेन लावली आणि परत उघडली.

तेवढ्यात खिडकीतल्या डब्याचा दिवा हिरवा झाला.

मी आधी डब्याकडे बघितलं, मग बाहेर. आबा शिडीवर होते, तो गुडघा घेऊन. पश्चिमेच्या भिंतीवर सगळे पत्रे तसेच होते, फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपुढचा एक वेगळा होता. धुरकट पांढरा, मधून उजेड जाणारा. त्याच्यामागे खिडकीतला डबा अंधुकसा दिसत होता. आबा त्याला शेवटचा खिळा मारत होते. जुन्या भोकात तो बसत नव्हता म्हणून त्यांनी नवं भोक पाडलं होतं.

मी पळत गेले आणि शिडी धरली. "उतरा आधी. कुणी सांगितलं होतं चढायला?"

"तूच म्हन्लीस. प्लास्टिकमधनं जातं."

ते उतरले. मी लॅपटॉप आणून परसदारीच चालू केला. लागलं. मॅडमना फोन करून म्हणाले, एकदा तपासून बघा, आत्ता. त्यांनी व्हिडिओ लावला, मी लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत गेले, दार लावलं, पंखा लावला, खुर्ची सरकवली. पंधरा-वीस मिनिटं त्या मला काहीबाही विचारत राहिल्या. चित्र हललं नाही. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "उद्या घरूनच करा. पावसात कसं चालतंय ते बघू."

जुन्या घरात गेले तर स्वयंपाकघरात उजेड होता. पावसाळ्याचे पत्रे लागलेले असताना त्या खोलीत दिवसाचा उजेड मी आयुष्यात पाहिला नव्हता. ओट्यावर, पिठाच्या डब्यावर, आईच्या मिसळणाच्या डब्यावर तो पांढुरका उजेड पडला होता. मला आईची फार आठवण झाली. तिने चाळीस पावसाळे इथे दिव्याखाली भाकऱ्या थापल्या आणि हा पत्रा तेव्हाही गोठ्यावर होता.

आबा दारात पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला सॉरी म्हणायचं होतं पण आमच्या घरात ती पद्धत नाही.

"लागलं नेट," मी म्हणाले. "आता मला जायला नको."

"लागलं न्हवं? ब्येस झालं." त्यांनी घोटभर पाणी प्यायलं. मग समोर बघत म्हणाले, "आता जायाचं आसंल तर तसं सांगून जा. नेटचं नाव पुढं करू नगं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मी कुटं म्हणलं मला जायचंय?"

"म्हनायला कशाला पायजे? सोमवारी जायाचं हाय आसं सांगाय आली न्हाईस का, तवा तुजं त्वांड बगितलं म्या. शाळेला सुट्टी लागल्यागत झालं व्हतं." ते रागावलेले नव्हते. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होते. "तुजं काय चुकलं न्हाई. तुला बसवत न्हाई येका जागी, म्हाईत हाय मला. पर मी तितं गोठ्यात बसून इचार करत ऱ्हानार, नेट न्हवतं म्हून गेली का मी नगं म्हून गेली. त्यापरीस नेट लावून टाकलं."

मी दिवसभर लोकांची वाक्यं इकडून तिकडे नेते. या माणसाच्या "व्हय का" आणि "बरं" यांच्यात काय होतं त्याचा अर्थ मला इतक्या महिन्यांत लावता आला नव्हता. मला रडू आलं. मी ते आवरलं नाही. आबांनी तांब्या माझ्याकडे सरकवला.

"मला माहीत न्हाई, आबा," मी म्हणाले. "मला ऱ्हायचंय का जायचंय, मला खरंच कळत न्हाई. मी सगळ्यांना सांगते नेटवर आहे, पण तसं न्हाई ते."

आबांनी थोडा विचार केला.

"मग कळंस्तवर ऱ्हा की," ते म्हणाले.

म्हशीने आवाज दिला. धारेची वेळ झाली होती. आबा गुडघ्यावर हात दाबत उठले, बादली घेतली आणि गोठ्याकडे निघाले. गोठ्याच्या छपरात, जिथे तो फायबरचा पत्रा असायचा, तिथे आता खिडकीवरचा लोखंडी पत्रा ठोकलेला होता. आबा आत शिरले आणि दिसेनासे झाले. आत ते चाचपडत खुंट्याला हात लावत असल्याचा आवाज येत होता. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि त्यांच्या मागोमाग आत जाऊन धार होईपर्यंत तो धरून उभी राहिले.